कापसाच्या खोलीतलं मशीन

रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला की माझं डोकं फिरतं.

दिवाळी सरलेली असते. कापसाने गच्च भरलेल्या गाड्या, ट्रॅक्टर, ट्रका जिनिंगकडे निघालेल्या असतात, आणि जाता जाता त्यातला एखादा पुंजका काट्याला अडकून राहतो. दोन-चार दिवसांत सगळी बाभूळ पांढरी होते. काल पाचोऱ्याहून बसने येत होते, तर शेजारची बाई मला कोपराने ढोसून म्हणाली, बघा ना, कशी फुलं आल्यासारखी दिसते. मी हूं म्हटलं आणि मान फिरवली. तिला काय सांगणार? माझ्या नाकात तोपर्यंत तो वास शिरला होता, सरकीचा, कच्चा, जरासा तेलकट, आणि अंगाला बसल्या जागी खाज सुटली होती.

मी धुळ्याची. शहरात वाढलेली, त्यामुळे कापूस म्हणजे देवाच्या वाती आणि उशीतला, एवढीच माझी ओळख. नव्वदचं दशक संपत आलेलं असताना लग्न होऊन पाचोऱ्याजवळच्या गावात आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात कळलं की आमच्या या घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा लागते. वेचणी झाली की ओझी घरात येत. आधी पुढची खोली भरायची, मग धान्याची, मग माळा. भाव नाही तोवर विकायचा नाही, हा माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, नियम. रोज संध्याकाळी ते ढिगातून चिमूटभर कापूस घ्यायचे, दोन्ही हातांच्या बोटांत धरून तंतू ओढून बघायचे आणि म्हणायचे, "भाव येई." येईल भाव. तो यायचा होता तेव्हा येणारच होता, पण तोवर आम्ही कापसातून चालत होतो, कापसात जेवत होतो. भाकरीवर कापूस, केसांत कापूस, कपाटातल्या घडीच्या साडीत कापूस. पहिले काही दिवस मी झटकत बसायचे. मग झटकणं सोडलं, आणि पुढे तर तो दिसायचाच बंद झाला.

लग्नाआधी धुळ्यात मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. फार काही येत होतं अशातला भाग नाही. पण मुलींच्या पुढे उभं राहिलं की मला मी आवडायचे, खरं सांगते. ते सुटलं. माझी ती तडफड माझ्या भावाला दिसली असावी. भाऊ धुळ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता. त्याने जुने सुटे भाग जमवून एक मशीन बांधलं, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स घातलं आणि एसटीच्या टपावर टाकून आणून दिलं. सगळं जग जे वापरतं ते का नाही घातलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, हे फुकट आहे, आणि यात माणूस शिकतो. शिकतो म्हणजे काय, ते मला पुढे चांगलंच कळलं.

आबांनी मधली खोली दिली. गावातल्या आठ-दहा मुलींनी नावं सांगितली. दिवाळीआधी मशीन सुरळीत चाललं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि एका कीबोर्डवर वाकलेल्या त्या सगळ्या वेण्या. दुपारी तीनला मुली यायच्या, बाहेर चपला ओळीत काढायच्या. त्या चपलांकडे मी स्वयंपाकघराच्या दारातून उगाच दोनदा बघून यायचे.

मग कापूस आला, आणि सगळ्या खोल्या भरून उरला तो मधल्या खोलीत शिरला. माझं टेबल तेवढं राहिलं, मागे आणि दोन्ही बाजूंना छातीपर्यंत ढीग. आठवडाभर मशीन चाललं. त्यानंतर एका दुपारी मुली बसलेल्या असताना ते मधेच गोठलं. बंद करून परत चालू केलं, तर पडद्यावर लिनक्स उलगडतंय अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तिच्यापुढे टिंबं पडत गेली, आणि टिंबं संपल्यावर खाली दोन शब्द. चूक. थांबले. म्हणजे यंत्र थांबलं. मी पुन्हा बटण दाबलं. तीच ओळ, तीच टिंबं, तेच दोन शब्द. मुलींत कोकिळा म्हणून एक होती, ती हळूच म्हणाली, जाऊ का मॅडम? मी म्हटलं, उद्या या.

हे 'उद्या या' मी त्या हिवाळ्यात इतक्या वेळा म्हटलं की त्याची मला शिसारी आली.

गावात फोन एकच, शेठजींच्या दुकानातला. शेठजी मूळचे राजस्थानचे, त्यांच्या आजोबांपासून दुकान इथेच. पेंडीची पोती, तेलाचे डबे, आणि त्यांच्या मधोमध फोन. मी धुळ्याला भावाला लावायचे आणि पडद्यावर काय दिसतं ते ओरडून सांगायचे, कारण लाइन खराब. भाऊ तिकडून सांगायचा, फ्लॉपी टाकून चालू कर, अमुक आज्ञा दे, तमुक फाइल तपास. मी ते सगळं डोक्यात धरून घरी पळायचे. दुकानात बसलेल्या लोकांना माझ्या मशीनची नाडी इतकी पाठ झाली होती की रस्त्यात भेटलेले म्हातारे विचारायचे, "काय व माय, फ्लॉपी चालनी का?" मी पदर सावरत होकारार्थी मान हलवायचे आणि दात-ओठ खायचे.

आणि यातला खरा जाच काय, तर भावाचा प्रत्येक उपाय लागू पडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी मी तो सांगेल तसं करायचे, काही व्हायचं नाही, वैतागून बंद करायचे. पहाटे थंडीत हात चोळत बटण दाबलं की मशीन शहाण्या पोरासारखं उठून बसायचं. मी जिजींना, म्हणजे सासूबाईंना, हाक मारून दाखवायचे. कोकिळाच्या घरी निरोप धाडायचे की दुपारी या, सुरू झालंय. दुपारी मुली आल्या, बसल्या, थोडा वेळ गेला की मशीन गोठायचं. मग परत ओळ, टिंबं, दोन शब्द. मी फोन करून सांगायचे, सकाळी चाललं, दुपारी गेलं. भाऊ म्हणायचा, म्हणजे आपण बरोबर रस्त्यावर आहोत, आता हे करून बघ. असा बरोबर रस्ता की पाय झिजले तरी गाव येईना.

मधे मधे वीज जायची. चालत्या मशीनची वीज गेली की पुढच्या वेळी ते आधी सगळी डिस्क तपासत बसायचं, आणि ती तपासणी अर्ध्यावर आली की परत वीज जायची. मी त्या पडद्यासमोर बसून रडले आहे. रागाने रडले आहे. कुणाचा राग, ते कळत नव्हतं, म्हणून मी तो कापसावर काढायचे. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, जिजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचे, "या कापसानं माझं वाटोळं केलं. हा घरात आला आणि माझं मशीन मेलं." रोज म्हणायचे. शपथेवर सांगते, रोज.

जिजींना माझा क्लास पसंत नव्हता. सुनेनं घरात बसून चार कामं करावीत, मुलींना काय शिकवायचं ते त्यांच्या आया शिकवतील, असं त्यांचं मत, आणि ते त्या लपवत नसत. पण एक दिवस पाहिलं तर मशीनवर त्यांचं जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं चौघडी करून घातलेलं. मी विचारलं तर तोंड फिरवून म्हणाल्या, कापूस उडतो, थंडी पण किती पडलीय. मी चालू मशीनवरसुद्धा ते लुगडं तसंच ठेवू लागले. बरं वाटायचं.

आबा ओट्यावरून सगळं बघत. घराच्या पुढचा ओटा ही त्यांची जागा. तिथे त्यांची खाट, खाटेखाली पाण्याचा तांब्या, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांना रामराम घालून पुढे जाणार. भावकीतलं भांडण असो की बैलाचा सौदा, लोक त्या खाटेपाशी येऊन उकिडवे बसायचे. मी त्या ओट्यावरून जायचे ते डोक्यावर पदर घेऊन, भिंतीला चिकटून, पटकन. तिथे सून टेकली असं त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं.

एकदा दुपारी मुली चपला घालून परत गेल्या तेव्हा आबांनी मला बोलावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले तरी असते. ते म्हणाले, कापूस अजून शेतात आहे, खोली लागेल. मग जरा थांबून, "संक्रांत लगून देखू, बेटा. नही जमनं तं मशीन माळावर." संक्रांतीपर्यंत बघू, नाही जमलं तर माळ्यावर. त्यांचं चुकत नव्हतं, हेच तर मला सहन होत नव्हतं. माळ्यावर काय जातं ते मी पाहिलं होतं. फुटकी घागर, मोडका पाळणा. एकदा वर गेलेलं आमच्याकडे खाली येत नाही.

त्या दिवसांत शेतात भरीत व्हायचं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची, कळण्याची पुरी हातावर घेऊन बांधावर बसायचं. सगळे हसत-खिदळत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे टिंबं. जाळाकडे बघितलं तरी टिंबं. आमचे हे मितभाषी, ते हळूच म्हणाले, खाऊन तरी घे. मी म्हटलं, खातेच आहे. घास तोंडातच फिरत होता. कोकिळाची आई त्याच जाळापाशी बसून मला ऐकू येईल असं कुणाला तरी सांगत होती की संक्रांतीनंतर पोरीला वेचणीला पाठवणार, दुपारच्या उगा फेऱ्या होतात.

मी शेवटचा फोन केला तो भांडायलाच. भावाला म्हटलं, तुझं ते फुकटचं तुझ्यापाशी ठेव, माझी शोभा झाली गावात. तो म्हणाला, पंख्याचा आवाज येतो का? मी म्हटलं, येतो की, घूं घूं येतो. पेटी उघडून बघू का, मी विचारलं. नको नको, तो म्हणाला, उघडू नकोस, मीच येतो.

भोगीच्या दिवशी आला. हातात आईने दिलेला तिळाच्या लाडवांचा डबा, खांद्याला पेचकस-पकडीची पिशवी. ओट्यावर आबांच्या पाया पडला, आत आला, मधल्या खोलीच्या दारात पोचला आणि तिथेच थांबला. खोलीत आता छातीपर्यंत नाही, डोक्याच्या वर कापूस होता. टेबलापर्यंत जायला एक चिंचोळी वाट. त्याने माझ्याकडे बघितलं, कापसाकडे बघितलं, मशीनवरच्या लुगड्याकडे बघितलं.

"निमा," तो म्हणाला, "हे तू फोनवर कधी बोलली नाहीस."

काय बोलायचं होतं? घरात कापूस आहे हे कुणी कुणाला सांगतं का? हिवाळ्यात घरात कापूस असतोच. घराला भिंती आहेत, असं सांगितल्यासारखं ते. आणि तो धुळ्यात वाढलेला, त्याने तरी कशाला विचारावं?

त्याने पेटीचे स्क्रू काढले. घूं घूं करणारा पंखा मागच्या बाजूचा होता, तो फिरत होता. पण आत, मशीनचा जो मेंदू म्हणतात त्याच्यावर, आणखी एक छोटा पंखा असतो. तो दिसतच नव्हता. त्याच्या जागी कापसाचा राखाडी गोळा बसला होता, घट्ट, पेळूसारखा पिळलेला. पंखा अडकलेला, म्हणून मेंदू तापायचा. थंड पहाटे उठायचा, थोडा वेळ चालायचा आणि तापला की त्याचं भान हरपायचं. एवढंच. लिनक्सला काही झालं नव्हतं, डिस्कला काही झालं नव्हतं, मला काही येत नव्हतं असंही नव्हतं. आणि तापल्या मशीनवर वरून ऊबदार लुगडं.

जिजी पाठीमागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग ही रोज म्हणत होती ते खरंच होतं की.

मला हसू आलं नाही. भावाने चिमट्याने गोळा उपसून माझ्या हातात दिला, आणि माझी बोटं सवयीने त्याची वात वळू लागली. लक्षात आलं तशी मी ती टाकून दिली. भावाने पंख्याला तेलाचा थेंब दिला, बोटाने फिरवून पाहिला, पेटी जोडली. ओळ आली, टिंबं आली, आणि टिंबांच्या पुढे बाकीचं सगळं धावत आलं. भर दुपार होती. आम्ही सगळे उभ्याने बघत राहिलो, ते थांबलं नाही.

पण भावाने जाता जाता सांगितलं. या खोलीत ठेवलंस तर पंधरवड्यात परत हेच होणार. कापूस नाही अशा जागी ठेव. कुठे ठेवू? पुढच्या खोलीत कापूस, धान्याच्या खोलीत कापूस, झोपायचं ते कापसाला टेकून, स्वयंपाकघरात चुलीचा धूर. आबा कापूस विकणार नव्हते, भाव आला नव्हता. सगळ्या घरात मोकळी, हवेशीर अशी एकच जागा. सगळ्यांची नजर एकदा ओट्याकडे गेली आणि लगेच परत आली. मीही समजले. मी म्हटलं, राहू द्या, संक्रांत उद्यावर आली, टाका माळ्यावर. आणि मशीनची वायर गुंडाळू लागले.

आबा उठले. बाहेर गेले. आम्हाला वाटलं, बोलणं नको म्हणून उठले. बाहेरून खाट सरकवल्याचा आवाज आला. बघतो तर त्यांनी गोधडीची घडी करून खाटेवर टाकली होती, तांब्या वर ठेवला होता, आणि खाटेचं एक टोक धरून ते आमच्या ह्यांना दुसरं टोक धर म्हणून खुणावत होते. दोघांनी खाट ओट्याखाली उतरवली आणि अंगणाच्या कडेला निंबाखाली नेऊन टाकली.

जिजी धावल्या. "आते बहू ओटावर बसी? लोक काय म्हनतीन?"

आबा खाटेवर टेकले, दम खाल्ला, आणि शांतपणे म्हणाले, "ती बसाले थोडीच जाई ऱ्हायनी? शिकाडाले जाई ऱ्हायनी."

ती बसायला थोडीच चालली आहे, शिकवायला चालली आहे. करीच्या दिवशी दुपारी ओट्यावर टेबल लागलं, आणि संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला काही ना काही काम निघून आमच्या गल्लीतून जायचं होतं. मुली आल्या. कोकिळा सगळ्यात आधी.

तुम्हाला वाटेल, सुटली एकदाची. कसली सुटतेय. ओट्यावर बकऱ्या चढायच्या. धूळ यायची, ऊन सरकत सरकत पडद्यावर आलं की अक्षरं दिसायची नाहीत, रोज संध्याकाळी मशीन उचलून आत, सकाळी बाहेर. वीज जायची ती जायचीच. पण मुलींच्या आयांनी कुरकुर केली नाही, कारण समोर निंबाखाली आबा असायचे. कधी मशीन अडलं आणि आम्ही गप्प झालो की तिकडून आवाज यायचा, "पंखा देख, बेटा." दहातल्या नऊ वेळा पंख्याचा काही संबंध नसायचा. मी तरी आधी पंखाच बघायचे. आजही कुठल्याही मशीनच्या पाठीला मी आधी हात लावते, ताप आलेल्या पोराला लावावा तसा.

कापूस होळीच्या तोंडावर गेला. भाव आला होता की आबा थकले होते, मला ठाऊक नाही, विचारायची सोय नव्हती. जिजींनी मधली खोली झाडून, सारवून लख्ख केली आणि म्हणाल्या, ने बाई तुझं आत, म्हाताऱ्याला त्याची जागा दे. मीही तेच म्हणायला आबांकडे गेले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आते मले निंबनी सावली गोड लागस." मार्च सरत आला होता. उन्हाळ्यात आमचा सगळा खान्देश निंबाखालीच असतो, म्हणून मला ते पटलं.

मग पावसाळ्यात त्यांनी खाट गोठ्यात नेली, पाऊस सरल्यावर परत निंबाखाली. दिवाळी झाली, वेचणी झाली, परत खोल्या भरल्या, परत बाभळी पांढऱ्या झाल्या. क्लास ओट्यावरच होता, मुली वाढल्या होत्या. लोक आता रामराम निंबाकडे तोंड करून घालत. एका पहाटे मी मशीन बाहेर मांडायला दार उघडलं. ओट्यावरचा दिवा लावला, आणि समोर बघितलं. अंगणात दव पडलं होतं. निंबाखाली आबा दोन गोधड्यांत गुडघे पोटाशी घेऊन पडले होते, वरची गोधडी दवाने ओली.

मी म्हटलं, "आबा, ओट्यावर चला. थंडी केवढी आहे."

त्यांनी गोधडीतून तोंड बाहेर काढलं. "नही व बेटा," ते म्हणाले, "सावली गोड शे."

अजून उजाडलंसुद्धा नव्हतं.